मॅनिफोल्ड तडकला, आता काय?

सकाळी गाडी सुरू केली की इंजिनातून टिकटिक ऐकू येते. पाच-सात किलोमीटर गेल्यावर ती मंदावते आणि इंजिन चांगले तापले की जवळजवळ बंद होते. जुनी डिझेल व्हॅन चालवणाऱ्या बहुतेकांच्या कानांना हा आवाज ओळखीचा असतो आणि बहुतेक जण तो टॅपेटचा समजतात. टॅपेट सेट करून घेतात, पैसे जातात, आवाज तसाच राहतो. थंड इंजिनात जोरात येणारा आणि तापल्यावर विरणारा आवाज ही एग्झॉस्ट मॅनिफोल्डला तडा गेल्याची पहिली खूण आहे. मॅनिफोल्ड बिडाचा असतो. बीड तापून फुगले की तडा दाबला जातो आणि आवाज थांबतो. तडा मात्र दर खेपेला थोडा थोडा पुढे सरकत असतो.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे मुख्यतः मॅटाडोर, ट्रॅक्स आणि जुन्या टेम्पो ट्रॅव्हलर आहेत. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने १९८७ मध्ये ट्रॅव्हलर आणली. पुढे २००५ मध्ये कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले, पण लोकांच्या तोंडी आजही टेम्पो ट्रॅव्हलरच आहे. या जुन्या गाड्यांत मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्यातले चार सिलिंडरांचे डिझेल इंजिन असे. हेड बिडाचे, इनटेक आणि एग्झॉस्ट हे दोन्ही मॅनिफोल्ड हेडच्या एकाच बाजूला, पंप आणि इंजेक्टर दुसऱ्या बाजूला. तुमची गाडी वेगळ्या कंपनीची असली तरी बिडाचे गुणधर्म बदलत नाहीत, त्यामुळे पुढचे बरेचसे तिलाही लागू पडेल.

कारमधला फुटका मॅनिफोल्ड आणि व्हॅनमधला फुटका मॅनिफोल्ड यांत मोठा फरक आहे. कारचे इंजिन बॉनेटखाली, पत्र्याच्या भिंतीपलीकडे असते. मॅटाडोर-ट्रॅव्हलरसारख्या व्हॅनमध्ये ते ड्रायव्हरच्या शेजारी, एका झाकणाखाली असते, म्हणजे जवळजवळ प्रवाशांच्या बैठकीतच. झाकणाची रबरी कड वाळलेली, एखादी चिमटी तुटलेली, वर बसायला गादी टाकलेली. मॅनिफोल्डमधून सुटलेला धूर सायलेन्सरपर्यंत न जाता थेट त्या झाकणाखाली साठतो आणि फटींतून आत येतो. त्यात काजळी असते, नायट्रोजनची ऑक्साइडे असतात, थोडा कार्बन मोनॉक्साइडही असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. शाळेची मुले नेणाऱ्या किंवा पंढरपूर-तुळजापूरची भाविक मंडळी नेणाऱ्या गाडीत हा तडा ‘पुढच्या सर्व्हिसला बघू’ म्हणण्याजोगा नाही. पावसाळ्यात खिडक्या बंद असताना तर मुळीच नाही. ड्रायव्हरचे डोके दुपारनंतर रोज जड होत असेल, पुढच्या सीटवरचे मूल उलटी करत असेल, तर गाडी लागली असे म्हणण्याआधी एकदा ते झाकण उघडून पाहा.

तडा जातो कशाने

या लेखात मला सगळ्यांत जास्त आग्रहाने सांगायचे आहे ते हेच. मॅनिफोल्ड आपण होऊन क्वचितच फुटतो. त्याला कोणीतरी ताणलेले असते, ओढलेले असते किंवा जाळलेले असते. ते कारण न शोधता नवा भाग बसवला तर तोही त्याच जागी तडकतो आणि मग दोष पार्टच्या क्वालिटीवर जातो.

आधी साधा हिशोब पाहू. बीड एका अंशाला मीटरमागे सुमारे ११ मायक्रॉन वाढते. मॅनिफोल्डची लांबी ४५ सेंटिमीटर धरू. कसारा किंवा आंबोली घाट भरल्या गाडीने चढताना त्याचे तापमान थंड अवस्थेपेक्षा ४०० अंशांनी सहज वाढते. म्हणजे तो जवळजवळ २ मिलिमीटर लांब होतो. ज्या हेडला तो आवळलेला आहे ते मात्र पाण्याने गार ठेवलेले, ऐंशी-नव्वद अंशांवर. त्याची वाढ पाव मिलिमीटरच्या आसपास. उरलेली तफावत मॅनिफोल्डने हेडवर घसरत भरून काढायची असते. म्हणूनच टोकाची भोके स्टडपेक्षा मोठी किंवा लांबट ठेवतात आणि म्हणूनच पहिल्यांदा तुटतात ते टोकाचे स्टड. मधल्या स्टडपासून दोन्ही टोके जवळपास पाऊण-एक मिलिमीटर बाहेर सरकू पाहतात. भोकांत गंज आणि काजळी बसली, नट बेताल आवळले, कोणी पॅकिंगला भरमसाट चिकटद्रव्य फासले की सरकणे बंद होते. मग बीड स्वतःलाच दाबते आणि थंड होताना स्वतःलाच ताणते. दाब ते भरपूर सोसते, ताण मात्र फार थोडा. त्यामुळे तडा बहुधा दोन पोर्टच्या मधल्या पातळ भागात किंवा सगळ्या नळ्या एकत्र येतात त्या कोपऱ्यात पडतो.

दुसरे कारण गाडीखाली वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाही. सायलेन्सर चॅसिसला रबरी हँगरवर टांगलेला असतो. एक रबर तुटले की कोणी तारेने बांधतो, दुसरे तुटले की तसेच राहते. मग सगळ्या पाईपचे वजन आणि हादरे मॅनिफोल्डच्या तोंडावर येतात. इंजिनाचे माउंटिंग बसलेले असेल तर दर गिअरला इंजिन झुकते आणि पाईप त्याला उलट ओढतो. मॅनिफोल्ड खालच्या फ्लँजजवळ तडकला असेल तर आधी हँगर आणि माउंटिंग तपासा, कारण बहुतेक वेळा तिथेच मूळ सापडते.

तिसरे कारण म्हणजे जास्तीचे डिझेल. ‘पिकअप वाढवून देतो’ म्हणत पंपाचा स्क्रू फिरवलेल्या गाड्या रस्त्यावर भरपूर आहेत. चढणीवर काळा धूर सोडणारी व्हॅन आपला मॅनिफोल्ड भाजत असते. इंजेक्टर पाझरणारे, एअर फिल्टर चोंदलेला, टायमिंग मागे पडलेले, सायलेन्सर आतून बुजलेला, यांतल्या कशानेही एग्झॉस्टचे तापमान वाढते.

आणि पाणी. घाट चढून आल्यावर गरम इंजिनावर पाईपने पाणी मारणे, मुसळधार पावसात तुंबलेल्या रस्त्यातून जोरात गाडी घालणे, यांत लालसर तापलेल्या बिडावर थंड पाण्याचा फटकारा बसतो. कोकणात याच्या जोडीला खारी हवा असते आणि ती स्टडचे मळसूत्र खाते. गाडी धुवायची तर इंजिन हाताला सोसवेल इतके निवल्यावरच धुवा.

तडा आहे याची खात्री

टिकटिक आवाजाची आणखीही कारणे असू शकतात. इंजेक्टरखालचा तांब्याचा वायसर गळत असेल तर तोही फुसफुसतो. मॅनिफोल्डचे पॅकिंग जळलेले असेल किंवा खालच्या पाईपची फ्लँज सैल असेल तर आवाज अगदी तसाच येतो. सुटा भाग विकत आणण्याआधी एवढे वेगळे करता आले पाहिजे.

पहिली तपासणी डोळ्यांनी. इंजिन पूर्ण थंड असताना झाकण काढा आणि बॅटरीच्या उजेडात मॅनिफोल्डभोवती काजळीचे काळे पट्टे शोधा. काजळी जिथे पंख्यासारखी पसरलेली असते तिथे तिच्या मुळाशी गळती असते. पट्टा हेडच्या सांध्यावर असेल तर पॅकिंग, बिडाच्या अंगावर असेल तर तडा. त्यानंतर गाडी सुरू करा आणि मीटरभर रबरी नळी घेऊन एक टोक कानाशी, दुसरे मॅनिफोल्डजवळ फिरवा. गळतीच्या जागी आवाज नळीतून एकदम टोचतो. पंख्याच्या आणि पट्ट्याच्या जवळ सैल बाहीचा शर्ट, मफलर, हातातला दोरा काही नको.

आवाज कोणत्या सिलिंडरचा ते शोधायला जुने मिस्त्री एकेका इंजेक्टरच्या पाईपचा नट अर्धा फेरा सैल करतात. तो सिलिंडर बंद पडतो आणि आवाज त्याचा असेल तर बदलतो. ही युक्ती फक्त जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनावर, तीही चष्मा आणि हातमोजे घालून, तोंड दूर ठेवून. कॉमन रेल इंजिनावर हे कधीही करू नका. तिथे पाईपमध्ये हजार बारच्या वर दाब असतो आणि ती धार कातडीत घुसली तर बोट जाऊ शकते.

इंजिन न चालवताही तपासता येते. व्हॅक्यूम क्लीनरच्या फुंकणाऱ्या तोंडाचा पाईप सायलेन्सरच्या शेपटात कापडाने गुंडाळून बसवा, हवा सोडा आणि मॅनिफोल्डवर साबणाचे पाणी ब्रशने लावा. जिथे फुगे येतील तिथे गळती. उन्हाळ्याच्या दुपारी शेजारी सायलेन्सरचा कर्कश आवाज न करता, धूर न खाता होणारी ही तपासणी मला सर्वांत आवडते.

भाग काढल्यावर रॉकेल आणि खडूची परीक्षा करा. बीड तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ करा, संशयाच्या जागी रॉकेल चोळा, दहा मिनिटे मुरू द्या, कोरड्या फडक्याने पुसून काढा आणि वर पांढऱ्या खडूची पूड भुरभुरा. थोड्या वेळाने पुडीत एक ओली, करडी रेघ उमटू लागते. तडा डोळ्यांना दिसत होता त्याच्यापुढे ती रेघ बोटभर जास्त जाते. नुसत्या नजरेला दिसणारा तडा हा खऱ्या तड्याचा एक तुकडाच असतो. वेल्डिंगचा निर्णय घेण्याआधी ही रेघ पाहणे अत्यावश्यक आहे, कारण वेल्डिंगवाला जितके दिसते तितकेच भरतो.

वेल्डिंग की नवा भाग?

माझे मत स्पष्ट आहे. नवा किंवा चांगला जुना मॅनिफोल्ड मिळत असेल तर तोच बसवा. वेल्डिंग करायचे ते भाग मिळत नाही म्हणून.

बाजारात मिळणारी उष्णता सोसणारी पेस्ट आणि लेपपट्टी हा गाडी घरी आणण्यापुरता उपाय आहे. हादरे आणि फुगणे-आकसणे यांत ती काही दिवसांत सुटते. पितळी ब्रेझिंग स्वस्त पडते, वेल्डिंगपेक्षा बीड कमी तापवते आणि बिनटर्बोच्या इंजिनावर कमी तापणाऱ्या जागी बऱ्यापैकी टिकते. पण पितळेची ताकद उष्णतेत लवकर उतरते. टर्बो असलेल्या इंजिनावर ब्रेझिंग करू नका.

बिडाचे वेल्डिंग हे वेगळे कसब आहे. बिडात कार्बन अडीच ते चार टक्के असतो. गेट-खिडक्या जोडणाऱ्या साध्या रॉडने ते जोडले तर जोडाशेजारी काचेसारखा कडक पट्टा तयार होतो आणि थंड होता होता ‘टिच्’ असा आवाज करून जोडाच्या बाजूला नवी चीर जाते. म्हणून निकेलचा रॉड लागतो. तड्याच्या दोन्ही टोकांना, खडूच्या रेघेच्याही थोडे पुढे, तीन मिलिमीटरचे भोक पाडतात म्हणजे चीर पुढे धावत नाही. मग ग्राइंडरने तड्याची इंग्रजी व्ही आकाराची खाच करतात, भाग सावकाश तापवतात, इंच-इंचभराचे टाके घालत प्रत्येक टाका गरम असतानाच हलक्या हातोडीने ठोकतात, आणि शेवटी सगळे कोरड्या वाळूत किंवा चुन्याच्या भुकटीत पुरून रात्रभर निवू देतात. वेल्डिंगवाल्याला फक्त दोन गोष्टी विचारा: रॉड कोणता वापरणार आणि भाग थंड कसा करणार. ‘अर्ध्या तासात घेऊन जा’ म्हणणाऱ्याकडे भाग ठेवू नका. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ओतकामाच्या परंपरेतल्या भागात बीड जाणणारी माणसे आजही आहेत. तुमच्या गावात नसतील तर एसटीने भाग पाठवणे हे स्थानिक वेल्डिंगपेक्षा शहाणपणाचे.

टर्बोच्या गाडीत आणखी एक धोका असतो. जोडातून सुटलेला धातूचा कण थेट टर्बोच्या पात्यांवर जाऊन आदळतो. मॅनिफोल्डच्या पैशांची बचत मग टर्बोच्या बिलात जाते.

जुना भाग घ्यायचा तर पुण्याच्या नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारात किंवा आपल्या जिल्ह्याच्या गाडी तोडणाऱ्यांकडे शोधा, पण रॉकेलची बाटली आणि खडू खिशात ठेवून जा. तिथल्या तिथे परीक्षा करा. काळा रंग मारून चकचकीत केलेला भाग घेऊ नका, रंगाखाली काय आहे ते दिसत नाही. आपला काढलेला भाग सोबत नेऊन भोके, पोर्ट आणि खालच्या तोंडाचा कोन जुळवून पाहा. एकाच इंजिनाचे मॅनिफोल्ड वेगवेगळ्या गाड्यांत वेगळ्या वळणाचे असू शकतात आणि ते कळते ते पाईप जोडताना.

काढणे: इथे घाई महाग पडते

सगळ्या कामातला कसोटीचा भाग हाच. मॅनिफोल्ड काढायला तासभर लागतो आणि तुटलेला स्टड काढायला दिवस जातो. म्हणून काम शनिवारी करायचे असेल तर बुधवारपासून तयारी करा. रोज रात्री गाडी किंचित कोमट असताना प्रत्येक नटावर, स्टडच्या उघड्या टोकावर, गंज सोडवणारे तेल टाका. ते मळसूत्रात शिरायला वेळ लागतो. गरम लाल मॅनिफोल्डवर ते ओतू नका, पेट घेईल.

कामाच्या दिवशी आधी बॅटरीची ऋण तार सोडा. बॉक्स पाना सहा कोनी घ्या. बारा कोनी पाना गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करतो. नट सोडण्याआधी तो अगदी केसभर आवळायचा प्रयत्न करा. गंजाची पकड आधी तिथे मोडते. मग सोडायला लागा. अर्धा फेरा सुटला की पुन्हा आवळा, तेल टाका, परत सोडा. पुढे-मागे, पुढे-मागे. हाताला नट ‘रबरासारखा’ लागू लागला, म्हणजे पाना फिरतो पण नट सुटत नाही, तर थांबा. त्या क्षणी स्टड पिळवटत असतो आणि आणखी अर्ध्या फेऱ्यात तो तुटणार असतो. इथे गॅसच्या ज्योतीने नट तापवून घ्यावा. स्टड नव्हे, नट. तो फुगतो आणि सुटतो. जवळून जाणाऱ्या डिझेलच्या आणि तेलाच्या नळ्या ओल्या फडक्याने झाका, अग्निशामक हाताशी ठेवा. एवढे करूनही नट हलत नसेल तर नट फोडणाऱ्या अवजाराने किंवा छिन्नीने नटच चिरा. नट स्वस्त आहे.

स्टड तुटलाच तर तो किती बाहेर आहे त्यावर पुढचे ठरते. चार-पाच मिलिमीटर बाहेर असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करा. वेल्डिंगची उष्णता स्टड मोकळा करते आणि नटाने तो फिरवता येतो. सपाट तुटला असेल तर आधी वायसर, मग नट अशी जोडणी करतात. अनुभवी हातांना हे बहुतेक वेळा जमते. इंजिनावर वेल्डिंग करताना अल्टरनेटरची जोडणीही सोडा. हेही फसले तर ड्रिल. मधोमध पंच मारणे हे त्यातले निम्मे काम. पंच बाजूला पडला की ड्रिल मऊ बिडात घसरते आणि हेडचे भोक वाकडे होते. आठ मिलिमीटरच्या स्टडला आधी तीन, मग पाच, मग साडेसहा असे पाडत जा. मळसूत्र खराब झाले असेल तर तारेचे गुंडाळीमळसूत्र बसवून घ्या. स्टड काढायच्या उलट्या पेचाच्या खिळ्यावर फार भरवसा ठेवू नका. तो कडक पोलादाचा असतो, आत तुटला तर साधे ड्रिल त्याला लागत नाही. ही पायरी आली की टर्नर किंवा हेडच्या कामाच्या माणसाला बोलावण्यात काही कमीपणा नाही.

या सगळ्यात हेडच्या उघड्या पोर्टमध्ये स्वच्छ फडकी कोंबून ठेवा आणि किती कोंबली ते मोजून लिहा. जुन्या गाडीचे पॅकिंग खरवडताना ते पाण्याने ओले करा, हवेने उडवू नका. जुन्या पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ छातीत गेली की परत येत नाही.

सपाटी आणि जोडणी

नवा भाग आला तरी तो तसाच चढवू नका. चांगली पोलादी पट्टी पोर्टच्या तोंडांवर आडवी ठेवा आणि खाली फिलर गेजचे पान घाला. ०.२ मिलिमीटरचे पान कुठे शिरत असेल तर फेसिंग करून घ्या. जुना आणि वेल्डिंग केलेला मॅनिफोल्ड तर फेसिंगशिवाय बसवूच नये, कारण उष्णतेने तो हमखास वाकतो. सगळी तोंडे एकाच पकडीत, कमीत कमी घासून घ्यायला सांगा. ओएम ६१६ सारख्या इंजिनात काळजी जास्त हवी. इनटेक आणि एग्झॉस्ट शेजारी शेजारी आणि काही स्टडवर एकच जाड वायसर दोघांना दाबतो. एग्झॉस्टची फ्लँज घासून पातळ झाली आणि इनटेकची तशीच राहिली तर वायसर तिरका बसतो आणि एका बाजूला गळती कायम राहते. दोन्ही फ्लँजची जाडी कॅलिपरने मोजून जुळवा. हेडची बाजूही त्याच पट्टीने पाहा. तिथे घासणे म्हणजे हेड उतरवणे, तेव्हा खड्डा खोल नसेल तर आधी नुसते साफ करून पाहा.

स्टड शक्यतो सगळे नवे, मूळ मापाचे आणि उष्णता सोसणारे. हार्डवेअरच्या दुकानातला चमकता बोल्ट इथे लवकर ताणला जातो. नट तांब्याचा मुलामा दिलेले किंवा सगळे धातूचे लॉकनट. नायलॉनच्या कडीचे नट वितळतात. मळसूत्राला तांबडी अँटीसीझ पेस्ट पातळ लावा, पुढच्या वेळचा त्रास वाचतो. पॅकिंग कोरडेच बसवा. त्याला सिलिकॉन फासायची सवय अनेक गॅरेजमध्ये आहे. ते जळते आणि तुकडे टर्बोत जातात.

आवळताना मधल्या नटापासून सुरुवात करा आणि दोन्ही टोकांकडे आळीपाळीने जा. एकदम पूर्ण न आवळता दोन-तीन फेऱ्यांत. टॉर्कचा आकडा आपल्या इंजिनाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधला घ्या. आठ मिलिमीटरच्या स्टडला तो बहुधा २० ते २५ न्यूटन-मीटरच्या पट्ट्यात असतो, म्हणजे लांब टॉमी लावून जीव खाऊन आवळण्याचे हे काम नाही. पेस्ट लावली असेल तर आकड्याच्या खालच्या टोकाला राहा. नट जास्त आवळला की मॅनिफोल्डचे सरकणे बंद होते, आणि तडा कसा जातो ते वर आलेच आहे.

खालचा पाईप जोडण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी मॅनिफोल्ड पूर्ण आवळा. मग पाईप नुसता लटकता जोडा, सायलेन्सरचे सगळे हँगर नव्या रबरांसह लावा, आणि पाईप मोकळा, न ओढलेला बसला आहे हे हाताने हलवून पाहून मगच फ्लँज आवळा. फ्लँजची भोके जुळवायला पहार घालावी लागत असेल तर पाईप वाकडा आहे. तो गरम करून सरळ करा किंवा बदला. जोर लावून बसवलेला पाईप नव्या मॅनिफोल्डला पहिल्या दिवसापासून ताणत राहतो. जिथे पाईपला लवचीक जाळीदार तुकडा असायला हवा तिथे साधी नळी वेल्ड केलेली आढळली तर मूळ तुकडा परत बसवा.

टर्बो असेल तर त्याच्या तेलाच्या नळ्यांना नवे तांब्याचे वायसर घाला, आत थोडे स्वच्छ इंजिन तेल ओता आणि गाडी पेटू न देता, डिझेल बंद ठेवून, तेलाचा दाब येईपर्यंत स्टार्टर थोडा थोडा फिरवा.

सुरू केल्यावर

पहिली पाच-दहा मिनिटे नव्या बिडावरचे तेल आणि पेस्ट जळून थोडा धूर निघेल. झाकण उघडे, गाडी मोकळ्या जागी. धूर थांबल्यावर नळी कानाला लावून पुन्हा सगळे सांधे ऐका. मग एक चढणीची फेरी मारा, गाडी पूर्ण निवू द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर सगळे नट पुन्हा त्याच टॉर्कला तपासा. हे अनेक जण टाळतात. नवे पॅकिंग पहिल्या तापण्या-निवण्यात बसते आणि नट किंचित सैल होतात. पाचशे किलोमीटरनंतर आणखी एकदा पाहा.

इंजिनाच्या झाकणाची रबरी कड आणि चिमट्या याच खेपेला नव्या घाला. किरकोळ काम आहे आणि प्रवाशांना त्याचाच फायदा सर्वांत आधी कळतो. झाकण लावून, खिडक्या बंद करून, इंजिन चालू ठेवून पाच मिनिटे पुढच्या सीटवर बसा. वास येत असेल तर काम पुरे झालेले नाही. पीयूसीचा कागद इथे उपयोगाचा नाही. धूरमापक शेपटाशी लावतात आणि मॅनिफोल्डपाशी सुटणारा धूर त्याला दिसत नाही. आठ वर्षांहून जुन्या व्यावसायिक गाडीला दर वर्षी फिटनेस घ्यावीच लागते. तिच्या तयारीत हँगर, माउंटिंग, मॅनिफोल्डचे नट आणि काजळीचे पट्टे अशी एक फेरी टाकून ठेवा, अर्ध्या तासाचे काम आहे. काळा धूर येत असेल तर इंजेक्टर आणि पंप तपासून घेण्याचा खर्च आताच करा, मॅनिफोल्ड नवा असतानाच.

उतरवलेल्या जुन्या मॅनिफोल्डचा फोटो काढा, तड्यावर खडूने खूण करून, आणि तारीख व किलोमीटर लिहून ठेवा. पुढे कधी तडा गेलाच तर तो त्याच जागी आहे की दुसऱ्या, यावरून मिस्त्रीला कारण शोधणे सोपे जाते. नंतर भंगारात देताना ग्राइंडरने त्याची एक फ्लँज कापून टाका, म्हणजे काळा रंग लावून तो दुसऱ्या कोणाच्या व्हॅनला बसणार नाही.